एकेक रात्र

‘श्यामची आई’ आमच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर लिहिली गेली. नाशिकच्या तुरुंगात, १९३३ साली. ९ फेब्रुवारीच्या गुरुवारी साने गुरुजींनी लिहायला घेतलं आणि सोमवारी, १३ तारखेला पहाटे हातातलं काम संपवलं. काही प्रकरणं त्यांनी पुढे बाहेर आल्यावर लिहिली, पण पुस्तकाचा मोठा भाग त्या चार-पाच दिवसांतला. माझा भाचा रोज शाळेच्या बसमधून त्या तुरुंगावरून जातो. गणपतीच्या आधी कैद्यांनी घडवलेल्या मूर्ती तिथे विकायला असतात, त्यातली मूर्ती आम्हीही आणली आहे. पण जेलरोडला राहणाऱ्यांना तुरुंग म्हणजे पत्ता सांगायची एक खूण, यापलीकडे त्याचा विचार आमच्या घरात कधी कुणी केला नव्हता.

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझी वहिनी गेली. चाळिशीही उलटली नव्हती. शेवटचे काही दिवस ती अतिदक्षता विभागात होती आणि तिथे लहान मुलांना आत सोडत नव्हते. दादाने विनवण्या केल्या, वर्दीतल्या माणसापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांशी बोलून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. ती गेली त्या सकाळी भाचा शाळेत होता. गणिताचा तास चालू असताना शिपाईकाका बोलवायला आले, हे त्याने मला सांगितलं ते कितीतरी महिन्यांनी.

अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो तेव्हा गोदेचं पाणी चढायला लागलं होतं. दुतोंड्या मारुतीच्या पायांशी पाणी आलेलं. नाशिकचा माणूस पूर किती आला ते त्या मारुतीवरूनच सांगतो, त्यामुळे काठावर बघ्यांची गर्दी होती. भाचा सगळा वेळ त्या मारुतीकडे बघत उभा होता. दहाव्याला पिंड ठेवले, कावळा लगेच शिवला, बायका म्हणाल्या, बघा, समाधानाने गेली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा नदीकडे तोंड फिरवलं. ‘समाधानाने’ या शब्दाचा मला त्या दिवशी फार राग आला होता.

मग घर गप्प झालं. आम्ही चौघं उरलो. आई, दादा, भाचा आणि मी. मी लग्न केलेलं नाही, बँकेत नोकरी करते, त्यामुळे घर सांभाळायला कुणी नवीन आणायची गरज पडली नाही. डबे वेळेवर होत होते. दादाच्या प्रेसमधल्या शिफ्ट चालू होत्या. पोराचे मार्कही घसरले नाहीत. फक्त तिचं नाव घेणं बंद झालं. आईने तिच्या साड्या एका पेटीत भरून माळ्यावर टाकल्या, तेव्हाही कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. शाळेतून बाईंचा फोन आला. म्हणाल्या, तक्रार काहीच नाही, पण तो कुणाशी बोलत नाही, खेळाच्या तासाला पायरीवर बसून राहतो.

पुस्तक सुचलं ते आईला. “त्याला श्यामची आई वाचून दाखव,” ती एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाली. मी दचकलेच. आईवेगळ्या पोराला आईच्या मरणाचं पुस्तक? मावशीला कळलं तर ती फोनवर ओरडलीच, आगीत तेल ओतताय का म्हणून. बँकेतल्या मैत्रिणींचंही तेच मत पडलं. आई मात्र ठाम होती. “त्याच्या मनात दुसरं काय चाललंय असं वाटतं तुम्हाला?” ती एवढंच म्हणाली, आणि याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या शनिवारी वहिनीने आणलेली पुस्तकं सार्वजनिक वाचनालयात परत द्यायला मी आणि भाचा शहरात गेलो. १८४० साली सुरू झालेलं हे वाचनालय, नाशिकमध्ये सगळे त्याला ‘सावाना’ म्हणतात. वहिनी दर पंधरा दिवसांनी तिथे जायची, बऱ्याचदा याला घेऊन. पुस्तकं टेबलावर ठेवताना त्याने एकाची पानं चटकन उलटून पाहिली. तिने खूण घालून ठेवलेला बसच्या तिकिटाचा तुकडा त्यात होता. तो त्याने काढून खिशात टाकला. येताना मी ‘श्यामची आई’ विकत घेतली. गुरुजींना जाऊन साठ वर्षं झाल्यावर पुस्तकाचे हक्क सर्वांना खुले झाले, त्यामुळे आता कितीतरी प्रकाशकांच्या प्रती मिळतात, स्वस्तही असतात. मी मोठ्या टायपाची घेतली, आईलाही वाचता यावी म्हणून.

हे पुस्तक आपण सगळ्यांनी लहानपणी वाचलेलं असतं, निदान शाळेच्या पुस्तकातला एखादा धडा म्हणून तरी. त्यामुळे ते माहीत आहे असं आपण धरून चालतो. मीही तशीच होते. माझ्या डोक्यात एक भोळा, रडका, आज्ञाधारक मुलगा होता आणि सतत चांगलं सांगणारी एक आई होती. पुस्तक पुन्हा हातात आल्यावर मला आधी दिसली ती त्याची मांडणी. मोठा झालेला श्याम एका आश्रमात राहतो आहे. संध्याकाळची प्रार्थना झाली की तो मित्रांना आईची एक आठवण सांगतो. एका रात्री एक. प्रकरणांना प्रकरण म्हटलेलंच नाही, रात्र पहिली, रात्र दुसरी, असं करत बेचाळिसाव्या रात्रीपर्यंत. गुरुजींची आई १९१७ साली गेली तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. लिहायला बसले तेव्हा तेहतीस. मधे पंधरा वर्षं गेली, शिक्षण झालं, अमळनेरला शिक्षकाची नोकरी झाली, ती सोडून चळवळीत उडी घेतली, तुरुंग झाला. आदल्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनी शब्दन् शब्द उतरवून घेतली होती. दुसऱ्याचं इतकं ऐकून, लिहून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या आईला हात घातला. आणि तेही एकट्याने रडत बसणारा माणूस दाखवून नाही. समोर ऐकणारी माणसं बसवली, त्यांना प्रश्न विचारायला लावले, मधेच कुणाला उशीर झाला तर त्याच्यासाठी थांबले. लहानपणी ही आश्रमातली पानं मी भराभर उलटत असे, मला गोष्ट हवी असायची. आता मला ती पानं सगळ्यात मोलाची वाटतात. दुःख सांगायला ऐकणारं माणूस लागतं, आणि ते एका बैठकीत सांगून होत नाही.

म्हणून ठरवलं, आपणही एका रात्री एकच वाचायची. कितीही पुढचं वाचावंसं वाटलं तरी नाही.

पहिली रात्र सावित्रीव्रताची. आई आजारी आहे, तिला वडाला प्रदक्षिणा घालायला जाता येत नाही, म्हणून ती श्यामला पाठवते. बायकांच्या घोळक्यात जायची त्याला लाज वाटते. मुलं हसतील ही भीती. मी वाचत होते, आई माळ घेऊन बसली होती, भाचा पालथा पडून मोबाईल बघत होता. दादा जेवून गॅलरीत गेला. संपल्यावर बराच वेळ गेला आणि मोबाईलवरची नजर न हलवता पोराने विचारलं, “तिला काय झालं होतं?”

मी थबकले. हे पुस्तक मी कितीदा तरी हातात घेतलं असेल, पण श्यामची आई पहिल्या रात्रीपासूनच आजारी आहे हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. आपण शेवटच्या आजारपणाचं प्रकरण लक्षात ठेवतो आणि त्यासाठी रडतो. ज्याने घरात आजारी आई पाहिली आहे त्या पोराला मात्र ते पहिल्याच पानात दिसलं. त्या रात्री मला खात्री पटली की हा ऐकतोय.

सुरुवातीच्या रात्रींबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चौथ्या रात्री श्यामचा लहान भाऊ जातो, ती मी घाबरत वाचली, पण पोरगं शांत होतं. गणपती आले, पाहुणे आले, खंड पडला. मग एका रात्री श्यामच्या पोहण्याची गोष्ट आली. श्याम पोहायला जायला घाबरून लपून बसतो, आई त्याला हुडकून काढते आणि मारत, ओढत विहिरीकडे लावून देते. आणि भाचा हसला. वहिनी गेल्यापासून त्याच्या हसण्याचा आवाज मी ऐकला नव्हता.

“मम्मीने मला पण असंच नेलं होतं,” तो म्हणाला. “चप्पल हातात घेऊन. पूर्ण सोसायटी बघत होती.”

वहिनी सायखेड्याची, गोदाकाठची. पोहता न येणारं पोर तिला चालणारच नव्हतं. स्विमिंग टँकवर हा काठाला घट्ट धरून उभा राहिला, तर तिने काय केलं, कोचशी कशी भांडली, घरी आल्यावर शिरा कसा करून दिला, सगळं त्याने सांगितलं. श्यामची आईही मार दिल्यावर रात्री त्याच्याजवळ बसते, वळ पाहून तिचा जीव तुटतो. पण त्या रात्री मी पुढचं वाचायची घाईच केली नाही. आईच्या हातातली माळ थांबली होती. गॅलरीतला दादा दारात येऊन उभा राहिला होता. पुस्तक ही नुसती सुरुवात होती, गोष्ट आमच्या घरातली चालली होती, आणि तिचं नाव घरात पुन्हा घेतलं जात होतं.

त्यानंतर दादा दारातच उभा राहून ऐकायला लागला. बसायचा नाही. अळणी भाजीच्या रात्री, जिथे भाजीत मीठ नाही हे कळूनही श्यामचे वडील मुकाट्याने जेवून उठतात आणि आईला ते नंतर समजतं, तिथे तो म्हणाला, “परत वाच तेवढं.” मी परत वाचलं. तो काहीच न बोलता आत गेला. नवरा-बायकोमधलं काय त्याला आठवलं ते मी विचारलं नाही, विचारायचं माझं नातंही नाही. एक मात्र सांगते. या पुस्तकातल्या वडिलांकडे आपलं फारच कमी लक्ष जातं. नावातच आई असल्यामुळे असेल. खोताच्या घराण्यातला, बुडत चाललेला, मुलांवर जीव असून तो दाखवता न येणारा तो माणूस मला या वेळी फार जवळचा वाटला. आमच्या घरात तसाच एक दारात उभा होता म्हणूनही असेल.

पत्रावळीच्या गोष्टीने आईला काम दिलं. श्यामला पत्रावळ लावता येत नाही, त्याची बहीण आणि आई त्याला धड लावायला लावतात, ही गोष्ट वाचून झाली तशी दुसऱ्या दिवशी आईने समोरच्या वडाची पानं गोळा करवून आणली. केरसुणीच्या काड्या मोडून घेतल्या आणि नातवाला घेऊन बसली. कुठल्या पानाचा देठ कुठे घालायचा, काडी कशी टोचून तोडायची, मधलं पान मोठं का लागतं. त्याची पहिली पत्रावळ ताटात ठेवताच उसवली. मग एक बरी जमली. आईने त्या दिवशी त्यातच जेवायला वाढलं. एरवी आजी आणि नातू यांच्यात ‘जेवलास का’ आणि ‘हो’ यापलीकडे बोलणं उरलं नव्हतं.

आता एका रात्रीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. ‘देवाला सारी प्रिय’ ही ती रात्र. एका म्हाताऱ्या महारणीची मोळी रस्त्यात खाली पडलेली असते, ती उचलून तिच्या डोक्यावर द्यायला कुणी पुढे येत नाही. श्यामची आई त्याला सांगते, तू जा, दे तिच्या डोक्यावर, आणि मग घरी येऊन आंघोळ कर. भाच्याने तिथेच मला अडवलं.

“आंघोळ का?”

मी सांगायला लागले, त्या काळी असं होतं वगैरे. तो म्हणाला, “पण मग ती चांगली कशी?” त्याच्या वर्गातल्या जवळच्या मित्राचं नाव घेऊन त्याने विचारलं की त्याच्या आजीला श्यामच्या आईने घरात घेतलं असतं का. मी खरं ते सांगितलं. बहुतेक नसतं घेतलं. अंगणापर्यंत.

मला हा प्रश्न टाळायचा नव्हता. त्या आईचं मन तिच्या काळाच्या पुढे गेलं होतं आणि तिचं घर तिथेच होतं, हे दोन्ही त्या एका वाक्यात आहे. गुरुजींनी आंघोळ गाळून आईला जास्त मोठी करून दाखवता आली असती. त्यांनी ती तशीच ठेवली. हे लिहिणाऱ्याचं मोठेपण आहे असं मी मानते. आणि हे पुस्तक ज्या गावात लिहिलं गेलं, त्याच गावात त्या वेळी काय चाललं होतं? २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला. गुरुजी तुरुंगात ही मोळीची आठवण कागदावर उतरवत होते तेव्हा पंचवटीतला तो दरवाजा दलितांना बंदच होता. रविवारी मी भाच्याला घेऊन काळारामला गेले. देवळात तो आधीही आलेला, पण या वेळी आम्ही आधी दारातच उभे राहिलो. मी त्याला सांगितलं की इथे माणसं आत सोडा म्हणून उभी होती, त्यांनी मार खाल्ला. मग तेही सांगितलं की श्याम मोठा झाल्यावर, म्हणजे गुरुजींनी, १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषण केलं, आणि ते खुलं झालं. भाचा थोडा वेळ हिशेब करत होता. “म्हणजे तो आईच्या पुढे गेला,” तो म्हणाला. मी हो म्हटलं. आईवर जीव असणं आणि तिच्या पुढे जाणं या दोन गोष्टी एकाच मुलाला जमतात, हे त्याला त्या वयात दिसलं याचं मला खूप बरं वाटतं.

दिवाळी अवघड गेली, तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पुस्तक त्या दिवसांत कपाटात होतं.

थंडीच्या सुरुवातीला गरिबीच्या रात्री आल्या. कर्ज, घरात तेल आहे तर मीठ नाही, सावकाराचा माणूस दारात, गावात अब्रू जाणं. या रात्री पोराला कंटाळवाण्या वाटल्या आणि तो मधेच झोपायचा. मी मात्र वाचताना अडखळायचे. कर्जाच्या रात्री दादा उठून बाहेर गेला. वहिनीच्या उपचारांसाठी त्याने सोसायटीतून उचललेलं कर्ज मला माहीत होतं, आईला माहीत नव्हतं. तो परत आला आणि त्याने आईला तेव्हाच सांगितलं, हप्ता किती आणि किती वर्षं. आई म्हणाली, “माझ्या पाटल्या आहेत.” दादा म्हणाला, नको. त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली, पहिल्यांदाच घरात मोठ्याने बोलणं झालं. भाचा तोवर जागा झाला होता. मला ते भांडण आवडलं, खरं सांगते. पाटल्या अजून आईच्या हातात आहेत.

अडतिसाव्या रात्रीच्या आधी आम्ही थांबलो. मी पुढचं सगळं एकटीने वाचून काढलं आणि दादाला एका बाजूला घेऊन विचारलं, की यापुढे वाचायचं का. तो म्हणाला, त्यालाच विचार. मी विचारलं. पुढे श्यामची आई जाते, आपण इथे थांबलो तरी चालेल, असं स्पष्ट सांगून विचारलं. भाचा म्हणाला, “मला माहितीये जाते ते. वाच.”

शेवटच्या आजारपणाच्या आणि निरवानिरवीच्या रात्री दादा पहिल्यांदा खाली सतरंजीवर बसला. पुस्तकातली आई अंथरुणावरून सगळ्यांचं बघते, लेकरांची काळजी करते. श्याम मात्र तिथे नाही. तो शिकायला दूर आहे, आणि त्याला कळवायचं की नाही, त्याचं शिक्षण मोडेल, यात दिवस जातात. एकेचाळिसाव्या रात्री तो घरी पोचतो तेव्हा आई गेलेली असते. त्याला तिचा चेहरा बघायला मिळत नाही. राख मिळते.

मी वाचून थांबले. कुणीच बोललं नाही. मग भाचा म्हणाला, “श्याम पण नव्हता?”

“नव्हता.”

“आणि त्याला तिने बोलावलं होतं?”

“आठवण काढत होती त्याची.”

“मला पण काढत होती का?”

हा प्रश्न त्याने दादाला विचारला, मला नाही. दादाने सांगितलं. नळ्या लावल्यामुळे तिला बोलता येत नव्हतं, तिने हाताने उंची दाखवली होती, जमिनीपासून इतकी, म्हणजे तुझी. दादाने तो हात आम्हाला करून दाखवला. हे त्याने तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलाही नाही, मलाही नाही. मग भाचा बोलायला लागला. गणिताचा तास, शिपाईकाका, रिक्षातून येताना त्याला वाटलं होतं की मम्मीला घरी सोडलं असेल. तो रडला आणि आम्ही सगळेच रडलो. आईने उठून दूध गरम केलं. बराच वेळ चाललं ते. दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला नाही, दादानेही रजा टाकली.

या पुस्तकावर एक आरोप नेहमी होतो की ते फार रडवतं, अश्रूंचा पूर आहे नुसता. मीही कॉलेजात असताना हे ऐटीत म्हणायचे. आता माझं मत असं आहे की आरोप करणाऱ्याने ते ओळीने, रोज एक रात्र असं वाचून बघावं. त्यात रडण्याइतकंच भांडण आहे, भूक आहे, चोरी आहे, मार आहे, पोरांच्या खोड्या आहेत, पंगती आहेत. मरण शेवटी येतं तेव्हा आपल्याला ती बाई माहीत झालेली असते, ती कशी चिडते, कुठे हट्टाला पेटते, कशाने खूष होते. माणूस असं पुरतं ओळखीचं झाल्यावर जे रडू येतं ते उगाच आलेलं नसतं. हेच पुस्तक एका दमात, सुट्टीच्या दुपारी संपवलं तर कदाचित नुसते अश्रूच लक्षात राहतील. गुरुजींनी ते चार-पाच दिवसांत लिहिलं असेल, पण वाचायचं कसं ते त्यांनी मांडणीतच सांगून ठेवलं आहे.

ज्यांना घरात मुलांबरोबर असं काही करून बघायचं असेल त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. पोर विचारणारच, की श्यामचं, म्हणजे गुरुजींचं, पुढे काय झालं. माझ्या भाच्यानेही विचारलं. ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. ते पन्नाशीत गेले एवढंच सांगितलं. दादाचं म्हणणं आहे की इतकं खरं बोललोय तर तेही सांगावं. मला वाटतं, अजून दोन-तीन वर्षं जाऊ द्यावीत, आणि सांगायची वेळ येईल तेव्हा मी त्याच्याजवळ बसून सांगेन, त्याला ते मोबाईलवर वाचून कळता कामा नये. यावर आमचं दोघांचं अजून एकमत झालेलं नाही. चित्रपटाचंही तसंच आहे. अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट, ज्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, तो आईला सगळ्यांबरोबर बघायचा आहे. भाचा म्हणतो, नको, माझ्या डोक्यातली श्यामची आई वेगळी आहे.

बेचाळिसावी रात्र वाचून झाली तेव्हा द्राक्षांचा हंगाम जोरात होता आणि ओट्यावर पेटी पडलेली होती. पुस्तक संपलं तर आता रात्री काय करायचं, हा प्रश्न आला. मी दुसरं पुस्तक काढणार होते. भाचा म्हणाला, या श्यामने एक गोष्ट बरोबर नाही केली. आईचं सगळं चांगलंच सांगितलं. “मम्मी पण चांगली होती, पण ती माझा टॅब लपवून स्वतः सीरियल बघायची. आणि पपांवर किती चिडायची. ते पण सांगायचं असतं ना?”

आई म्हणाली, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. दादा म्हणाला, “बोलू दे. चिडायचीच.” आणि सतरंजीवर मांडी घालून त्याने स्वतःच सुरुवात केली. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं मुंबईला गेले होते, परतताना पंचवटी एक्स्प्रेस, दादाला डुलकी लागली, इगतपुरीला ती वडापाव घ्यायला उतरली आणि गाडी हलली.

“मग?” भाच्याने विचारलं.

“मग काय, मी नाशिकरोडला उतरलो तर बरोबर बायको नाही.”

“मम्मी असं नाही सांगायची,” भाचा म्हणाला. “ती म्हणायची तुम्ही उतरला होता आणि तीच गाडीत होती.”

“खोटं सांगायची.”

“आजी, कोण खरं?”

“मला काय विचारतोस,” आई म्हणाली, “दोघांनी मला दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या. ती आली रात्री उशिरा, एवढं मला माहीत आहे. आणि पिशवीत वडापाव होते, तेही गार झालेले.”